धाकटी आठ

३ जानेवारी

डायरी लिहिणाऱ्या माणसांची मी आजवर थट्टाच करत आलो. आता हिनेच वही आणून दिली. "दिवसभर त्या पोरीवर खेकसता, त्यापेक्षा यात खेकसा," म्हणाली. वही बरी आहे, पण रेघा इतक्या फिक्या की छापणाऱ्याने शाईत निम्मं पाणी घातलं असावं. म्हणून जाड मार्कर घेतलाय. एका पानात सहा ओळी बसतात. चालायचंच.

आज कारखान्याचं पत्र आलं. मुलीने वाचून दाखवलं. या वर्षापासून आणखी सहा जातींची काडतुसं बंद. मागणी नाही म्हणे. आमचं दुकान वडिलांपासूनचं, बंदुका आणि काडतुसांचं. मागच्या खोलीत चाळीस खण आहेत, त्यात अशाच बंद पडलेल्या जातींची सुटी काडतुसं. एखादा म्हातारा आजोबांची रायफल घेऊन सगळीकडे हिंडून येतो आणि शेवटी त्याला लागणारं काडतूस आमच्याकडे सापडतं. ही आमची शान होती. पण गेली वीस वर्षं ते खण नुसते भरत गेले आणि एकमेकांत मिसळत गेले.

मार्चअखेर परवान्याची तपासणी आहे. त्याआधी चाळीसच्या चाळीस खण लावून काढायचे, मी स्वतः. मुलगी म्हणाली, "मी मदत करते." म्हटलं, तू पत्रं वाच.

६ जानेवारी

चार खण झाले. मुलगी नकाशे काढण्याच्या कचेरीत चांगली नोकरी करत होती. गेल्या वर्षी ती सोडून "चार दिवस दुकानात येते" म्हणाली, त्याला वर्ष झालं. नवऱ्याशी काही बिनसलंय का, असं हिला हळूच विचारलं. "जावई दर शनिवारी इथे ताटभर जेवून जातात, बिनसलंय कशाने?" म्हणाली. मग का आली असेल? नोकरीचा कंटाळा आला असणार. हल्लीच्या मुलांना कशातच दम धरवत नाही.

तिला एक खोड आहे. सगळं मोठ्याने बोलते. "दुसरी रांग, तिसरा डबा, लाल चिठ्ठी." मी म्हटलं, "कुणाला सांगतेस? मला काय डोळे नाहीत?" तर म्हणते, "पाठ करतेय, बाबा." दारात गिऱ्हाईक दिसलं की लगेच, "या डॉक्टर! या मोजणीदार काका!" ही सवय मात्र धंद्याला चांगली. माणसाला आपल्याला ओळखल्याचं सुख होतं.

११ जानेवारी

मधली फळी मध्ये वाकली आहे. सुताराला बोलावलं. त्याने पाणसळ ठेवली आणि म्हणाला, "साहेब, सरळ आहे." मी म्हटलं, आडवं होऊन बघ. तो आडवा होऊन बघून म्हणाला, "सरळच आहे." मुलीने त्याला चहा दिला आणि बाहेर नेऊन काहीतरी कुजबुजली. बहुतेक माझ्या वतीने माफी मागितली असेल. सुतारही पूर्वीचे राहिले नाहीत.

१५ जानेवारी

आज रिव्हॉल्व्हरचा खण लावला. चारशे पंचावन्नची बुटकी, जाड काडतुसं, एकेकाळी अधिकाऱ्यांच्या कमरेला असायची. मग बत्तीस-वीस. तेच काडतूस रायफलीत चाले आणि रिव्हॉल्व्हरमध्येही. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात तसं झालं त्याचं. मग शेजारच्या रायफलीच्या खणातलं अडीचशे-तीन हजार, ज्याने आपला वेगच, सेकंदाला तीन हजार फूट, नावात लावून घेतला होता. वेगाचं कौतुक संपलं आणि नाव तेवढं उरलं.

मुलीने विचारलं, "बाबा, काडतूस वाईट निघालं म्हणून बंद पडतं का?" म्हटलं, क्वचित. बहुतेकांत काही खोट नसते. सैन्य दुसरं काडतूस घेतं, ते सगळीकडे स्वस्त मिळायला लागतं. मग कारखाने या जुन्यासाठी रायफली बनवायचं थांबवतात, आणि रायफल नाही तर काडतूस कोण मागणार? तिने हे एका कागदावर लिहून घेतलं.

२० जानेवारी

मोजणीदार आला होता. जमिनी मोजण्यात त्याची हयात गेली. निवृत्त झाला तरी कुठेही उभा राहिला की पावलांनी खोली मोजतो. आजोबांची रायफल आहे त्याच्याकडे, धाकट्या आठची. नेमबाजी क्लबात दरवर्षी जुन्या रायफलींची एक फेरी असते. यंदा तीनच जण उरले, म्हणून ही शेवटची. अकरा फेब्रुवारीला. दहा बार स्पर्धेचे आणि दोन आधी नळी तापवायला.

"बारा काडतुसं हवीत," म्हणाला. "कारखान्याने बंद करून जमाना झाला. तुमच्याकडे नसतील तर रायफल भिंतीवर टांगतो."

"माझ्याकडे नसतील तर मी दुकान टांगतो," मी म्हटलं. अकरावा खण धाकट्या-थोरल्यांचा आहे. सगळी सरमिसळ, पण असतीलच.

२२ जानेवारी

ही काय भानगड आहे ते इथे लिहून ठेवतो, म्हणजे माझ्यामागे कुणी घोटाळा करणार नाही. आठ मिलिमीटरची ही दोन काडतुसं शेजारी ठेवली तर जुळ्या बहिणी वाटतील. पितळ तेच, लांबी तीच. फक्त पुढची शिशाची गोळी एकीची केसभर बारीक आणि दुसरीची केसभर जाड. बारीक ती आधीची, जाड ती नंतर आली. आमच्या दुकानात मात्र बारीकला धाकटी आणि जाडला थोरली म्हणतात. वयाने धाकटी तीच मोठी ना, असं मी लहानपणी विचारलं तर वडील म्हणाले होते, "घरात बारीक असेल ती धाकटी."

थोरलीच्या बुडावर एक जास्तीचं बारीक अक्षर ठोकलेलं असतं. तेवढीच खूण. थोरली चुकून धाकटीच्या रायफलीत घातली तर सुखाने बसते, खटकाही लागतो. पण नळी अरुंद. गोळी पुढे रेटताना नळी फाटू शकते, आणि नळीच्या मागे माणसाचा डोळा असतो.

म्हणून वडील नवशिक्याला एक पितळी पाटी द्यायचे. तिला भोकं आहेत. गोळीचं टोक भोकात घालायचं, आरपार गेलं तर धाकटी, अडलं तर थोरली. असं काही वर्षं केल्यावर एक दिवस वडील पाटी काढून घेत. 'पाटी सुटली' म्हणजे माणूस तयार झाला. पुढे बुडावर नजर आणि गोळीवर अंगठा, बस्स. माझी सतराव्या वर्षी सुटली. सुटलेल्याने पुन्हा पाटी घ्यायची म्हणजे पट्टीच्या पोहणाऱ्याने पाठीला डबा बांधून पाण्यात उतरायचं. पाटी सध्या मुलीकडे असते.

२९ जानेवारी

बारा निवडली. सात दिवस गेले. बुडावरची अक्षरं झिजलीत सगळी. पण अंगठा बोलतो.

मुलगी म्हणाली, "बाबा, एकदा पाटीवर घालू? मला सराव होईल."

"माझ्या कामावर पाटी?"

"सरावाला हो."

"सराव चाळिसाव्या खणावर कर!"

जरा जास्तच ओरडलो. एरवी गिऱ्हाइकांचे डबे बांधायचं काम तिचंच. आत जाऊन बसते आणि एका सुतळीला अर्धा तास लावते. हा डबा मात्र मी स्वतः बंद केला, चिकटपट्टी लावली, पट्टीवर सही ठोकली आणि गल्ल्याच्या कप्प्यात कुलूपबंद केला. जेवताना ही माझ्याशी बोलली नाही. मुलगी न जेवताच गेली.

४ फेब्रुवारी

मुलीने आज तीनदा गल्ल्याची किल्ली मागितली. सुटे हवेत म्हणे. तिन्ही वेळा मीच सुटे काढून दिले.

१० फेब्रुवारी

मोजणीदाराला डबा दिला. दोन्ही हातांनी घेतला त्याने. "शेठ, हे माझं शेवटचं," म्हणाला. मुलगी त्याला सोडायला रस्त्यापर्यंत जायला निघाली, तेवढ्यात मीच तिला हाक मारली, कारण फोन वाजत होता आणि तो कुठे ठेवलाय ते सापडत नव्हतं.

११ फेब्रुवारी, रविवार

माझी सगळ्यांसमोर शोभा झाली.

सकाळीच क्लबात गेलो. दोरीच्या मागे खुर्च्या मांडलेल्या. मोजणीदार चटईवर पालथा झाला. ऊन विचित्र होतं, नेमकं त्याच्याकडे बघितलं की तो नाहीसा व्हायचा आणि बाजूच्या झेंड्याकडे बघितलं की दिसायचा. त्याने काडतूस भरून खटका लावल्याचा आवाज आला. आणि आमची कन्या उठली, दोरीखालून वाकून सरळ चांदमारीच्या चटईपर्यंत चालत गेली! क्लबाचा सेक्रेटरी ओरडतोय, शिट्टी वाजवतोय. तिने खाली बसून मोजणीदाराच्या कानात काहीतरी सांगितलं आणि परत आली. मी विचारलं, "काय गं हे?" तर म्हणे, "फोटो काढायचा होता, नीट तोंड करा म्हटलं." चौतीस वर्षांची बाई!

मोजणीदाराने काडतूस काढलं, उठला, म्हणाला, "खांदा धरलाय. जमणार नाही." झालं. उरलेल्या दोघांत स्पर्धा झाली. मी सात दिवस खपून निवडलेली काडतुसं, आणि याचा खांदा!

१३ फेब्रुवारी

मोजणीदार डबा परत घेऊन आला. "ठेवा, कुणाच्या कामी येतील." मी विचारलं, "खांदा काय म्हणतोय?" जरा कुजकटच विचारलं. तो म्हणाला, "म्हातारा झालाय." मुलगी आत निघून गेली.

दुपारी सेक्रेटरी तेल न्यायला आला. क्लबात सगळे हसतायत म्हणाला, आजोबांची रायफल आणि नातवाची छाती, असं चाललंय. मीही बोललो, "बार काढायला खांदा नाही, हिंमत लागते." सेक्रेटरीला ते फार आवडलं. क्लबात जाऊन सांगतो म्हणाला.

१४ फेब्रुवारी

मायलेकी बाहेर गेल्या होत्या. डबा खणात रिकामा करणार, तर वाटलं, पोरीला एकदा दाखवूनच देऊ. तिच्या टेबलावरून पाटी घेतली. बारा गोळ्या एकेक करून भोकातून घालायच्या आणि ती आली की म्हणायचं, बघ तुझी पाटी काय म्हणते.

पहिली गेली. दुसरी, तिसरी. चौथी अडली. मळ असेल म्हणून पुसली. अडली. सातवी अडली. बारावी अडली.

भिंग घेतलं, दिव्याखाली धरलं. बूड दिसतं, कडा दिसते. जिथे अक्षर असायला हवं तिथे, मधोमध, काहीच नाही. बाजूला बघितलं की काहीतरी हलतं आणि पुन्हा जातं.

मला दिसत नाही. हे तीन शब्द लिहायला मला पाऊण तास लागला.

१५ फेब्रुवारी

मुलीला समोर बसवलं. तीन काडतुसं टेबलावर ठेवली. ती रडली नाही. मला वाटलं होतं रडेल.

"कधीपासून ठाऊक आहे तुला?"

"गेल्या वर्षी मी सहज दुकानात आले होते. तुम्ही म्हणालात, बोला बाई, काय दाखवू?"

"मी थट्टा केली असेल."

"तुम्ही हसला नव्हता, बाबा."

मला तो दिवस आठवतो. एक बाई आली होती आणि काही न घेता थोडा वेळ उभी राहिली होती, एवढं आठवतं.

"म्हणून नोकरी सोडलीस?"

"आईने बोलावलं. म्हणाली, ते ऐकणार नाहीत, तू नुसती जवळ राहा."

"डबे बांधायला अर्धा तास लागायचा तो..."

"पाटीवर घालत होते सगळे."

"चुकीची किती निघाली?"

तिने पाटी पुसायला घेतली. मी पुन्हा विचारलं.

"अकरा. वर्षभरात. सगळी बदलली, बाबा. एकही चुकीचं बाहेर गेलं नाही."

फक्त एक डबा तिच्या हाताखालून गेला नाही, तो मी सही ठोकून बंद केला होता. "मोजणीदाराच्या कानात काय म्हणालीस?"

"काका, आज झाडू नका. आणि का ते विचारू नका."

"मग?"

"विचारलं नाही त्यांनी. फक्त तुमच्याकडे एकदा बघितलं."

मी विचारलं, मला का नाही सांगितलंत? ही दारातून म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही आम्हालाच चष्मा लावायला सांगितला असतात." खरं आहे. लाज वाटते, पण खरं आहे.

१९ फेब्रुवारी

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी चौकटी-चौकटीचा कागद दाखवला. मला मधल्या रेघा वाकड्या दिसल्या. मुलीला विचारलं, तिला सरळ दिसल्या. सुतार देवमाणूस निघाला. पडद्याचा मधला भाग झिजलाय म्हणे. सुया देऊन उरलेलं राखता येईल, गेलेलं परत येणार नाही. एक वर्ष आधी आला असतात तर, असं बाई म्हणायला लागल्या आणि मुलीचा चेहरा बघून थांबल्या असाव्यात. मला चेहरा दिसला नाही, पण त्या थांबल्या.

परवान्यावर मुलीचं नाव घालायचा अर्ज केला. सुट्या काडतुसांना मी आता हात लावणार नाही. अंगठा अजून शिवशिवतो.

२१ फेब्रुवारी

मोजणीदाराच्या घरी जावं, माफी मागावी आणि प्रकरण मिटवावं असं ठरवून निघालो होतो. वाटेत क्लबापाशी दोन जण बोलत होते. "तो दुकानवाला म्हणाला ते खरंय, खांदा नाही, हिंमत लागते." आणि हसले.

माझंच वाक्य. मी तिथून मागे फिरलो. मोजणीदाराची त्याच्याच घरात, दार लावून माफी मागितली तर माझं ओझं उतरेल, त्याचं नाही. बोललो चारचौघांत, तर निस्तरायलाही चारचौघांतच हवं. पण एकदा तिथे बोललो की आंधळ्याच्या दुकानातून काडतूस कोण नेईल? तीन पिढ्या चालायचं होतं हे दुकान. मुलीने नोकरी सोडली ती याच्यासाठी.

हिला विचारलं. म्हणाली, "मला काय विचारता? तुम्हाला माहीतच आहे." मुलीला विचारायचा धीर झाला नाही.

२५ फेब्रुवारी, रविवार

बोललो.

रविवारच्या चहाला पंधरा-वीस जण तरी होते. मोजणीदार कोपऱ्यात एकटा होता, असं मुलीने सांगितलं. मी उभा राहिलो. पाठ केलेलं सगळं विसरलो. म्हटलं, "मोजणीदाराचा खांदा ठणठणीत आहे. मी त्यांना दिलेल्या बारा काडतुसांत तीन थोरली होती. झाडलं असतं तर नळी फाटली असती. माझे डोळे गेलेत आणि मी ते वर्षभर कुणाला कळू दिलं नाही, स्वतःलाही नाही. हा माणूस माझी अब्रू झाकायला स्वतः भित्रा ठरला. आणि त्याला भित्रा म्हणणारा पहिला मीच."

मग मोजणीदार तावातावाने उठला. "काय गरज होती तुम्हाला? मी काही म्हटलं होतं?"

"तुम्ही काही म्हणत नाही, हाच तर घोटाळा आहे," मी म्हटलं.

सेक्रेटरीने घसा साफ केला आणि विचारलं, "मग आता दुकानात तपासतं कोण?" मी मुलीकडे हात केला. हात बहुतेक भलत्याच दिशेला गेला, कारण ती म्हणाली, "मी इकडे आहे, बाबा," आणि दोघं-तिघं हसले. वाईट हसले नाहीत. मग ती उभी राहिली आणि म्हणाली, "मी तपासते. वर्षभर मीच तपासते आहे. प्रत्येक गोळी पाटीवरून जाते, आणि यापुढे बाबांनी दिलेलीही जाईल." एवढंच बोलली. मी तिच्या वयाचा असताना माझ्या वडिलांसमोर एवढंही बोललो नसतो.

सेक्रेटरी म्हणाला, स्पर्धा झाली ती झाली, निकाल बदलत नाही. पण पुढच्या रविवारी मोजणीदारांना चांदमारी मोकळी ठेवू. दहा बार.

३ मार्च

सहा दिवसांत तिघांनी आपली सुटी काडतुसं परत आणली आणि मुलीने तपासून द्यावी म्हणून तासभर दुकानात बसून राहिले. एकाने आणलीच नाहीत, तो यापुढे दुसरीकडे जाणार आहे. त्याचंही बरोबर आहे.

सकाळी क्लबात गेलो. मुलीने धाकट्या आठची बारा काडतुसं रात्रीच तपासली होती आणि मोजणीदारासमोर पुन्हा एकदा पाटीवर घातली. तो म्हणाला, "पोरी, पुरे." ती म्हणाली, "नाही, काका, मोजून घ्या." तेव्हा त्याने शहाण्यासारखं मोजून घेतलं.

दोन बार नळी तापवायला झाले. मग दहा. रायफल काही मेली नव्हती, आवाज खणखणीत होता. दहावा बार झाल्यावर मोजणीदार उठेपर्यंत मी श्वास धरून होतो. उठला. दोन्ही डोळ्यांनी, दोन्ही हातांनी, अख्खा उठला.

मी लांबच्या निशाणाकडे बघितलं. पांढरं काहीतरी, मधोमध खड्डा. तो खड्डा माझा, निशाणाचा नव्हे, हे आता कळतं मला.

"कशी लागली?" मी मुलीला विचारलं.

गेलं वर्षभर अशा वेळी ती काय करायची ते मला आता ठाऊक झालंय. फळी वाकलीच आहे म्हणायची. अक्षर पुसटच आहे म्हणायची.

"खरं सांगू, बाबा?"

"सांग."

"एकही नाही. दहाच्या दहा मातीत. दोन तर शेजारच्या निशाणाच्या मागे गेल्यात."

आधी मोजणीदारच हसला, मग सगळे. मीही इतका हसलो की तिने माझा दंड धरला, आणि मी सोडवून घेतला नाही.